मास्टरांची कॉम्प्युटरमधली गिऱ्हाइकं

कॉम्प्युटरच्या पडद्याला शिंप्याची टेप लावून माप घेणारा माणूस मी पाहिलेला आहे. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं मी रंगवून सांगतेय. पण मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर अडीच वर्षं बसले आहे. पडद्यावर हात पसरून उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यापासून मनगटापर्यंत ते टेप धरायचे, मान तिरकी करून आकडा बघायचे आणि लांब वहीत लिहायचे. त्या आकड्याचा तसा काही उपयोग नव्हता. पडद्यावरचा माणूस बोटाएवढा करता येतो आणि भिंतीएवढाही. मी एकदा हे त्यांना हळूच सांगितलं. ते म्हणाले, "ठाव हाय की. पण माप घेतल्याबिगर गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावू नये."

त्यांना आम्ही सगळे मास्टर म्हणायचो. वय पंचेचाळीसच्या पुढचं. काम गुलबर्ग्यात, तेव्हा शहराचं नाव अजून बदललं नव्हतं, स्टेशनच्या पाटीवरही गुलबर्गाच होतं. तूरडाळीच्या एका आडत दुकानाच्या वर दोन खोल्यांत आमची कंपनी होती. मालक तिशीतले, त्यांना आम्ही सर म्हणायचो. बाकी आम्ही सहाजण. खालून डाळीच्या फोलपटाची धूळ वर यायची म्हणून कॉम्प्युटरवर जुन्या चादरी टाकलेल्या असायच्या. लहान मुलांच्या कार्टून फिल्मसाठी बाहेरच्या कंपन्या माणसं आणि खऱ्या नटनट्यांवरून टिपलेल्या त्यांच्या हालचाली तयार करून पाठवायच्या. ती माणसं उघडीच यायची. आम्ही त्यांना कपडे घालायचे आणि ती चालली, वाकली, बसली तरी कपडे नीट राहतील असं बघायचं, एवढंच आमचं काम.

सांगायला सोपं वाटतं. पण ही माणसं आमच्याकडे हात दोन्ही बाजूंना पसरून उभी अशी येतात. सदरा त्या अवस्थेत घालायचा. मग आतली हाडं हलवली की कापडाचा प्रत्येक ठिपका कुठल्या हाडामागं किती ओढला जाईल, ते ठरवून द्यावं लागतं. खांद्याचं हाड थोडं, दंडाचं थोडं. चुकलं तर हात खाली घेताच काखेत कापड चुरगळतं, नाहीतर कोपर बाहीतून बाहेर डोकावतं. मी वर्षभराचा कोर्स करून हे शिकले होते. मास्टरांनी कुठलाच कोर्स केलेला नव्हता.

ते औराद तालुक्यातल्या एका गावचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. वडील घोंगडी खांद्यावर टाकून रानात. मास्टर मात्र बिदरला मैलूरमध्ये एका टेलरच्या हाताखाली शाळेचे गणवेश शिवायला बसले. पुढं हैदराबादला नाटकासिनेमाचे कपडे शिवणाऱ्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथं एकदा कॉम्प्युटरवाली दोन माणसं आली आणि शेरवानीचा कागदी नमुना कापून मागू लागली. यांनी कापून दिला आणि विचारलं, अंगात कुणी घालायची? ती म्हणाली, अंग नाही, कॉम्प्युटरमध्ये आहे. मास्टर त्यांच्या मागं मागं त्यांच्या ऑफिसात गेले ते ते अंग बघायला, आणि परत दुकानात गेलेच नाहीत.

हे सगळं मला त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मला मराठी, कन्नड, दखनी आणि इंग्रजी अशा चार भाषा येत होत्या आणि चारही भाषांत मी गप्प बसायची. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळं लोकांना वाटायचं मला शिष्टपणा आहे. मास्टरांना तसं वाटत नसावं. ते स्वतःशी बोलल्यासारखं माझ्याशी बोलायचे, उत्तराची वाट बघायचे नाहीत. मला ते बरं वाटायचं.

माऊस चालवताना त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबत राहायचा, खाली शिलाई मशीनचं पायडल असल्यासारखा. काम अडलं की पाय थांबायचा. पाय थांबला की आम्ही पोरंपोरी एकमेकांकडं बघायचो, कारण त्यानंतर ते उठून कुणालातरी धरायचे आणि म्हणायचे, "बसून दाखव." कुठलाही कपडा तयार झाला की त्यांचा पहिला प्रश्न हाच. उभ्या माणसाला काय, सगळंच चांगलं दिसतंय, असं ते म्हणायचे. एकदा बँकेचा माणूस सरांना भेटायला आला होता. त्याला त्यांनी खुर्चीवरून तीनदा उठवून बसवलं. त्याला वाटलं कंपनीत काही शिष्टाचार असेल.

बाहेरून आलेली फाइल उघडताना ते विचारायचे, "गिऱ्हाईक आलं का?" आणि कापडाचे आकडे त्यांनी स्वतःच्या नावांनी लिहून ठेवले होते. कापड किती ताठ, किती जड, हवेत किती उडेल, ते कॉम्प्युटरला आकड्यांत सांगावं लागतं. इंग्रजी शब्द लक्षात राहायचे नाहीत म्हणून त्यांनी घोंगडं, सतरंजी, धोतर, इरकल, नायलॉन अशी नावं दिलेली. आम्हालाही तीच सवय लागली. राजपुत्राच्या झग्याला काय लावू, असं विचारलं तर ते डोळे मिटून सांगायचे, घोंगड्याहून हलकं, सतरंजीहून जड. तसं लावलं की झगा खरोखर झग्यासारखा पडायचा. हे कसं, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

बसस्टँडचा किस्सा सांगायलाच हवा, कारण त्यात माझं वागणं चांगलं नव्हतं. एका साहेबी पात्राची पॅन्ट गुडघ्याशी फुगत होती. मास्टर मला म्हणाले चल अक्का, पॅन्टी बघून येऊ. मी गेले. बाकावर माणसं येऊन बसत होती आणि मास्टर समोर उकिडवे बसून त्यांच्या गुडघ्यांकडं बघत होते. एक कारकुनासारखा माणूस आला, कडक इस्त्रीची पॅन्ट. तो बसला तसे मास्टर उठून त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, जरा परत बसता का? त्यानं कामून म्हणून विचारलं. मास्टर म्हणाले, "तुमची पॅन्ट बघायलोय." झालं. तो ओरडला, चार माणसं जमली, कुणी म्हणालं खिसेकापू दिसतोय. मी खांबामागं जाऊन हुमनाबादच्या गाडीचा बोर्ड वाचत उभी राहिले, जणू त्यांना ओळखतच नाही. मास्टरांनी कुणाची विनवणी केली नाही. गळ्यातली टेप काढून दाखवली आणि दखनीत समजावलं, की साहेब, तुम्ही बसायच्या आधी दोन बोटांनी पॅन्ट गुडघ्यावर चिमटीत धरून वर ओढली, ती मला परत बघायची आहे. तो माणूस गोंधळला. आपण असं करतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग त्यानं करून पाहिलं, आणि त्याच्याबरोबर जमलेल्यांपैकी दोघांनीही.

परत येताना मास्टर दोन पावलं पुढं चालत होते. खांबामागचं त्यांनी पाहिलं होतं. मीच शेवटी विचारलं, पॅन्टचं काय कळलं? ते म्हणाले, "कापड आपोआप बसत न्हाई, अक्का. मानूस त्याला बसवतंय. आपलं गिऱ्हाईक नुसतं धपकन बसायलंय."

आता माझ्या गोष्टीकडं येते. आमचं गाव हळ्ळीखेड. अप्पांची शेती आणि तुरीचा थोडा व्यापार. त्यांनी मला गुलबर्ग्याला पाठवताना एकच अट घातली होती. सहा महिने कच्ची नोकरी आहे ना, कंपनीनं पक्कं केलं तर राहा, नाही केलं तर घरी ये. त्यात आरडाओरडा नव्हता. पण उदगीरच्या एका घराकडून विचारणा आली होती आणि अप्पांनी ती नाकारली नव्हती, नुसती थांबवली होती. सहा महिने उलटून सातवा लागला तरी मी कच्चीच होते. सर म्हणायचे, एखादं काम तुझ्या एकटीच्या हातून पास होऊ दे.

तसं काम आलं. परदेशातली एक कंपनी, मोठी मालिका, आणि त्याआधी नमुना म्हणून पाच सेकंदांचा एक तुकडा. खेड्यातली एक बाई कमरेवरची घागर खाली ठेवते आणि जमिनीवर बसते. नेसलेलं साधं गोल लुगडं. बाईची हालचाल त्यांनीच करून पाठवलेली. सूचनांत ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हालचालीला हात लावायचा नाही, फक्त कपडा. सरांनी ते मला दिलं. हे पास झालं तर मी पक्की, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

मी आठ दिवस त्या बाईला बसवत होते. उभी असेपर्यंत लुगडं सुरेख दिसायचं. ती बसली रे बसली की निऱ्या पायाखाली अडकायच्या, गुडघा कापड फाडून बाहेर यायचा, पदर मांडीत घुसायचा. मी इरकलचे आकडे लावले, नायलॉनचे लावले. एकेका प्रयत्नाचा हिशेब करायला कॉम्प्युटर तीन-तीन तास घ्यायचा, आणि मध्ये लाइट जायची. नवव्या दिवशी अप्पांचा फोन आला, येत्या रविवारी उदगीरची माणसं यायची म्हणतायत, काय सांगू? मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा.

सरांनी तोडगा सांगितला. बाईचं कमरेखालचं अंगच लपवून टाक. अंग नाही तर गुडघा बाहेर येणार कुठून? ही काही चोरी नव्हे, आमच्या धंद्यात सगळे करतात. कपड्याखालचं दिसत नाही ते ठेवायचं कशाला. मी तसं केलं. समोरून पाहिलं तर लुगडं नीट बसलेलं दिसत होतं, फक्त पुठ्ठ्याचं असावं तसं.

मास्टर मागून येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मला वाटलं ते आता आत कुणी नाही म्हणून रागावतील. पण त्यांनी लुगडं काढून टाकायला सांगितलं आणि उघडी बाई मूळ हालचालीत पुन्हा पुन्हा बसवली. दहा वेळा, वीस वेळा. खाली पाय थांबलेला.

"अक्का," ते म्हणाले, "ही बाई पॅन्टवर बसलीय."

मला कळलं नाही. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. घागर ठेवली, दोन्ही हात मोकळे सोडले, पाय फाकवले आणि बसली. जिनं ही हालचाल करून दिली ती तिकडची कुणी नटी असणार, अंगात घट्ट पॅन्ट. लुगडं नेसलेली बाई अशी बसूच शकत नाही. तेव्हा मला दिसलं, आणि एकदा दिसल्यावर दिसायचं थांबेना. आठ दिवस मी कापडाला शिक्षा करत होते.

दुसऱ्या दिवशी मास्टर घरून बायकोचं इरकल लुगडं पिशवीत घालून आले. तिलाच आदल्या दिवशी बसवून बघितलं होतं, पण ती कंटाळली. सांजंपासून उठबस करायला लावलाव, भाकरी कोन थापायचं, म्हणून तिनं त्यांना स्वयंपाकघरातून घालवलं. मग मास्टरांनी ऑफिसातच पॅन्टवरून ते लुगडं नेसलं, चांगल्या निऱ्या घालून, आणि फरशीवर बसायला सुरुवात केली. पोरं हसून लोळायची बाकी राहिली. एकानं म्हटलं, "मास्टर, पदर घ्या की, सासरे यायलेत." मास्टर शांतपणे म्हणाले, "पदर नंतर. आधी निऱ्या."

मी मोबाइलवर ते टिपत होते. बसायच्या आधी एक हात आपोआप निऱ्यांकडं जातो, त्या चार बोटं वर उचलतो, थोड्या बाजूला घेतो. मग गुडघे वाकतात. टेकल्यावर तोच हात निऱ्या दोन गुडघ्यांमध्ये सारतो. सगळं मिळून अर्धा सेकंद. मी जन्मभर आईला, काकूंना असं बसताना पाहिलं होतं आणि मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मास्टरांनी बाईच्या हालचालीत तेवढा हात घातला. लुगड्याचे आकडे जुनेच ठेवले. बाई बसली आणि लुगडं तिच्याभोवती उतरलं. मघाशी हसणारा पोरगा म्हणाला, अरे, ही तर बसली की.

सर मात्र घाबरले. हालचालीला हात लावायचा नाही हे लिहून दिलेलं. आपण नियम मोडला म्हणून तिकडच्यांनी नमुना परत केला तर हातातलं काम जाईल. पुठ्ठ्याचं पाठव, ते पास होईल, आणि तुझंही होईल, असं ते मला म्हणाले. ते खोटं नव्हतं. मास्टर लुगड्याची घडी घालत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, बाहेरच्या कंपनीशी बोलणं हे त्यांच्या जगातच नव्हतं. आणि सर इतके जपून वागायचे की आलेल्या सूचनेवर उलट प्रश्न विचारायचा असतो, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

मी म्हणाले, "मी लिहून विचारू का?"

माझा आवाज इतका बारीक आला की मला परत म्हणावं लागलं. सरांनी खुर्ची मागं सारली. मग म्हणाले, विचार, पण तुझ्या नावानं. उद्या काही झालं तर मला माहीत नव्हतं.

ते पत्र लिहायला मला दुपार लागली. निऱ्या सावरणं याला इंग्रजीत शब्दच सापडेना. शेवटी धरणं, उचलणं, बसणं, खोचणं अशा चार साध्या क्रिया लिहिल्या, दोन्ही तुकडे जोडले, आणि कुठला का वेगळा आहे ते सांगितलं. मास्टरांनी ते मराठीत वाचून घेतलं. पॅन्टवाली लिहिलीस का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कदाचित त्या बाईंच्या अंगावर वेगळे कपडे असावेत, असं लिहिलंय.

"म्हंजे पॅन्टच की," ते म्हणाले. "सरळ लिव्ह ना. त्यांनला राग कामून यील? पॅन्ट काय वाईट हाय का?"

मी ते सरळ लिहिलं.

दोन दिवस उत्तर नाही. त्या दोन दिवसांत मी माझ्या खोलीतलं सामान मनातल्या मनात दोनदा बांधलं. सर माझ्याशी तुटकच बोलत होते. मास्टर मात्र नेहमीसारखे. एका जादूगाराच्या टोपीत अडकले होते आणि टोपी वाऱ्यात का पडत नाही हे सोडून त्यांना काही सुचत नव्हतं. मला त्यांचा थोडा रागही आला. माझं सगळं टांगणीला लागलेलं, आणि ह्यांना टोपी.

शनिवारी दुपारी उत्तर आलं. चार ओळी. दुसरा तुकडा घेतला, हाताची हालचाल तशीच ठेवावी, हे त्यांना माहीत नव्हतं, आभार. आणि शेवटी एक प्रश्न होता: उठताना ती हातानं काय करते?

सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि तिथंच सांगितलं की सोमवारी येऊन पक्क्या नोकरीच्या कागदावर सही कर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्टरांनी मला शेवटची ओळ पुन्हा सांगायला लावली. पास झाल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. तो प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा बदलला.

"इचारले त्यांनी?" ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "उठताना काय करतेत गं बाया? मी इतकी वर्सं नुसतं बसायलेलंच बघितलो."

आणि चपला घालून ते निघाले. कुठं म्हणून कुणी विचारलं नाही. मी खिडकीतून पाहिलं, ते रस्ता ओलांडून गेले आणि पलीकडं भाजी विकायला बसलेल्या दोन बायांसमोर थोडं अंतर राखून, हात मागं बांधून, त्या कधी उठतात याची वाट बघत उभे राहिले.

पुढं दोन वर्षांनी ती कंपनी बंद झाली. आम्ही पांगलो, मी पुण्याला आले. मास्टर हैदराबादला परत गेले असं कुणी सांगितलं, कुणी म्हणालं औरादलाच दुकान घातलं. मी एकदा फोन लावला, नंबर दुसऱ्याच कुणाचा झाला होता. पण त्या शनिवारी हे काही ठाऊक नव्हतं. मी जिन्यात जाऊन अप्पांना फोन केला आणि पक्की झाल्याचं सांगितलं. ते बरं म्हणाले. मग विचारलं, काम झालं म्हंतीस तर आता आनि काय राहिलंय तिथं?

"एक बाई बसवली, अप्पा," मी म्हटलं. "आता तिला उठवायचं हाय."

"किती दिवस लागतेत?"

"धा तरी."

"एक बाई उठवायला धा दिवस?"

"व्हय."

पलीकडं अप्पांनी घसा खाकरला.

"बरं माय," अप्पा म्हणाले, "उठव तिला. उदगीरवाल्यांनला मी कळवतो, येऊ नका म्हनून."